पंचनाम्यातले घर

वाङ्मयाच्या समीक्षेत कविता येते, कथा येते, आत्मकथन येते. पंचनामा येत नाही. तो सरकारी कागद. त्यात कसले आले वाङ्मय, असे आपण गृहीत धरून चालतो. मला हे गृहीत मान्य नाही. ज्या समाजाच्या घरांविषयी शतकानुशतके कोणी एक ओळ लिहिली नाही, त्या समाजाच्या घरांचे पहिले लेखी वर्णन बहुतेक वेळा पंचनाम्यातच सापडते. ते कोणी लिहिले, कुठे उभे राहून लिहिले आणि काय लिहायचे टाळले, हे तपासणे समीक्षकाचेच काम आहे.

ह्या विषयाकडे मी वळलो तो एका विद्यार्थिनीमुळे. गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात, भूकंप किंवा पुरानंतर घरांच्या नुकसानीची नोंद कशी घ्यावी, ह्याचा एक वर्ग झाला. मुलांना छापील तक्ते वाटले. मालकाचे नाव, घर क्रमांक, बांधकामाचा प्रकार (कच्चे की पक्के), नुकसान (अंशतः की पूर्णतः), अंदाजे किंमत. सरावासाठी जवळच्या एका वस्तीत जाऊन तक्ता भरायचा होता. दुपारी एक मुलगी परत आली आणि म्हणाली, "सर, मालकाच्या खाली राहणारा माणूस कुठं लिवायचा?" शिकवायला आलेले गृहस्थ चांगले होते, अनुभवी होते. ते म्हणाले, राहणाऱ्याचा रकाना नाही. आपण घर मोजतो, माणसे नाही. ती मुलगी गप्प बसली. मला मात्र घरी जाऊन आज्याची पत्र्याची पेटी उघडावी लागली.

त्या पेटीत दोन पंचनाम्यांच्या नकला आहेत. एक १९७८ चा. दुसरा १९९३ चा.

आधी दुसऱ्याविषयी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बोळवून गावे झोपली होती. लातूर जिल्ह्यातला औसा तालुका आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातला उमरगा तालुका ह्या पट्ट्यात जवळपास आठ हजार माणसे गेली. किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ ही नावे त्या दिवसानंतर महाराष्ट्राला पाठ झाली. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. आमचे गाव ह्या पट्ट्याच्या कडेला. आमच्याकडे माणसे मेली नाहीत, भिंती फाटल्या. मला त्या पहाटेचे फारसे आठवत नाही. मायने मला चादरीसकट उचलले आणि बाहेर मोठी माणसे रडत होती, एवढेच आठवते.

भूकंप ६.२ तीव्रतेचा होता. जगाच्या हिशोबात हा मध्यम भूकंप. मग इतकी माणसे का मेली? तर माणसे धरणीने मारली नाहीत, भिंतींनी आणि माळवदांनी मारली. आमच्याकडचे जुने घर म्हणजे दोन-अडीच फूट जाडीची, अनघड दगडांची, मातीत बांधलेली भिंत. ही भिंत बाहेरून एकच दिसते, पण ती एक नसते. बाहेरचा थर वेगळा, आतला थर वेगळा आणि मध्ये दगडगोट्यांची व मातीची भर. दोन्ही थरांना आरपार जोडणारे लांब दगड घातले नसतील, तर हादऱ्याने दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात. गवंडी म्हणतात, भिंतीला पोट सुटले. वर माळवद. लाकडांवर फूट-दीड फूट माती, आणि दर पावसाळ्यापूर्वी तीवर आणखी थोडी. उन्हाळ्यात घर गार राहावे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या साठत गेलेले ते ओझे एका पहाटे झोपलेल्या माणसांवर आले. त्यातही, ज्यांची लाकडी खांबांची चौकट मजबूत होती, तिथे भिंती पडूनही माळवद खांबांवर तरंगत राहिले आणि माणसे वाचली.

दख्खनचा प्रदेश भूकंपाच्या नकाशावर तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. पुढे २००२ च्या सुधारणेत हा भाग तिसऱ्या विभागात गेला. पण १९९२ च्या पावसाळ्यापासूनच किल्लारीच्या लोकांना हादरे जाणवत होते आणि ते सांगतही होते. ज्यांच्या घरातली भांडी वाजत होती, त्यांच्या सांगण्याला नोंदीचे मोल आले नाही. पंचनाम्याचे हे पहिले लक्षण इथेच दिसते: राहणाऱ्याची साक्ष ही साक्ष नव्हे.

नुकसानीचा अंदाज घेण्याची एक रीत आहे, ती थोडक्यात सांगितली पाहिजे. भूकंपानंतर पहिल्या दोन-चार दिवसांत कोणीही घरोघर जाऊ शकत नाही. तेव्हा हादऱ्याचा जोर कुठे किती होता याचा नकाशा घेतात, जनगणनेतून कुठल्या गावात कसल्या भिंतींची किती घरे आहेत ते काढतात, आणि अमुक जोराला तमुक भिंतीची शेकडा किती घरे पडतील ह्याचा ठोकताळा लावून गुणाकार करतात. तंबू किती, पत्रे किती, धान्य किती, हे त्या आकड्यावर ठरते. पुढे प्रत्यक्ष पाहणी होते आणि प्रत्येक घराला श्रेणी मिळते. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीत पाच श्रेण्या आहेत. बारीक तडे व गिलावा पडणे ही पहिली. भिंतींना मोठे, खोल तडे ही तिसरी. भिंतीत खिंडार पडून घराचा भाग कोसळणे ही चौथी. सगळेच जमीनदोस्त ही पाचवी.

ह्या रीतीला माझा विरोध नाही. गुणाकार चुकला तरी चालेल, तंबू वेळेवर आले पाहिजेत. पण गुणाकार ज्या आकड्यांचा होतो ते आकडे कोणाचे, हे पाहिले पाहिजे. १९९७ साली केंद्र सरकारच्या बांधकाम साहित्य व तंत्रज्ञान विषयक परिषदेने देशभरातल्या घरांच्या आपत्तिप्रवणतेचा एक नकाशासंग्रह काढला. त्यात माती, कच्ची वीट व दगड यांच्या भिंती 'ए' वर्गात, भाजलेल्या विटा 'बी' वर्गात, काँक्रीट व चांगले लाकूडकाम 'सी' वर्गात. उरलेली, म्हणजे गवत, पाचट, बांबू, पत्रा ह्यांची घरे 'एक्स' वर्गात. हा 'एक्स' पाहून मी बराच वेळ थांबलो. आमचे सप्पर, आमचे कूड, आमची पत्र्याची आडोशी ही सारी ह्या 'एक्स' मध्ये. वाऱ्यात आणि पुरात 'एक्स' ला मोठा धोका. भूकंपात मात्र फारच कमी. शास्त्र म्हणून हे अगदी खरे आहे. अंगावर पडायला ओझेच नाही, तर माणूस मरेल कसा? किल्लारीच्या पट्ट्यातही ज्यांच्या डोक्यावर नुसते सप्पर होते त्यांच्यातले पुष्कळ वाचले. पण हाच आकडा पुढे नुकसानीच्या तक्त्यात जातो तेव्हा त्याचा अर्थ फिरतो. ज्याच्याजवळ पडण्याजोगे काही नव्हते, त्याचे काही पडले नाही. म्हणून त्याचे नुकसान नाही. म्हणून त्याची गरज नाही. पहिल्या दोन वाक्यांत काही चूक नाही. सारी लबाडी तिसऱ्या वाक्यात आहे.

नुकसान आणि गरज ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नुकसान मागे पाहते, काय होते ते मोजते. गरज पुढे पाहते. आपत्तीनंतरच्या हिशोबाची जी पद्धत लॅटिन अमेरिकेसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आयोगाने १९७० च्या दशकापासून घडवत आणली, तिचा पायाच मुळी झालेल्या नुकसानीची किंमत हा आहे. ही पद्धत मालमत्तेचा हिशोब ठेवते आणि मालमत्तेचा हिशोब मालदाराला अनुकूल असणारच. ४ फेब्रुवारी १९७६ ला ग्वाटेमालात भूकंप झाला, त्यात वीस हजारांवर माणसे मेली. त्यात गरिबांच्या कच्च्या विटांच्या घरांतली इतकी होती, की त्या भूकंपाला 'वर्गकंप' असे नाव पडले. आपल्याकडे काय नाव द्यायचे?

आता पेटीतल्या पहिल्या पंचनाम्याकडे येतो.

२७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यातल्या बौद्धवाड्यांवर जे गुदरले ते ह्या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. आमचा बौद्धवाडाही त्यात होता. आज्याचे सप्पर जळाले. त्या पंचनाम्यात लिहिले आहे की, सदर घरास आग लागून छप्पर व आतील सामान जळाले आहे. 'आग लागून'. क्रियापद पाहावे. आग लागली, कोणी लावली नाही. मराठी व्याकरणात कर्त्यावाचून वाक्य चालते ही आपल्या भाषेची सोय आहे, पण ती कोणाच्या सोयीची आहे हे असे कागद वाचताना कळते. पंधरा वर्षांनंतरच्या दुसऱ्या कागदावर लिहिले आहे, 'भूकंपाने भिंतीस तडे गेले.' दोन्ही वाक्यांची घडण एकच. भूकंपाला कर्ता नाही हे ठीकच आहे. पण जाळपोळीलाही कर्ता नाही आणि भूकंपालाही नाही, असे म्हणणारी भाषा माणसाच्या कृत्याला निसर्गाच्या खात्यात जमा करते. ह्या लेखनप्रकाराची शैली जर कशात असेल तर ती ह्यात आहे.

ह्या दोन कागदांमध्ये एक दुवा आहे, जो दोन्हींपैकी कुठल्याच कागदावर नाही. सप्पर जळाल्यावर आज्याने ठरवले, आता पुन्हा जळणारे घर बांधायचे नाही. सात-आठ वर्षे त्याने, आजीने आणि बा-चुलत्यांनी वीटभट्टीवर आणि विहिरींच्या कामावर मजुरी करून दगड जमवला. दोन खणांचे घर उठले. दगडमातीचे, वर माळवद, गावातल्या मोठ्या घरांसारखे. आरपार दगड घालायला चांगला गवंडी लागतो, वेळ लागतो. तेवढा पैसा नव्हता. भिंत उभी राहिली एवढ्यातच सगळ्यांना धन्यता. जाळपोळीला भिऊन आमच्या माणसांनी हलके घर सोडले आणि जड घरात राहायला गेले. 'एक्स' मधून 'ए' मध्ये, असे त्या नकाशासंग्रहाच्या भाषेत म्हणता येईल. १९९३ ला आमच्या घराला जो धोका होता तो १९७८ ने दिलेला होता. कोणत्या रकान्यात हे लिहायचे?

भूकंपानंतर सरकारने गावांचे तीन वर्ग केले. 'अ' वर्गातली ५२ गावे पूर्ण उठवून नव्या जागी वसवायची. 'ब' वर्गातल्या गावांची घरे तिथल्या तिथे पुन्हा बांधायची. 'क' वर्गात दुरुस्ती आणि मजबुतीकरण. ही घरे दोन लाखांच्या आसपास, अनेक जिल्ह्यांत पसरलेली. जागतिक बँकेच्या कर्जावर हे मोठे काम पुढे काही वर्षे चालले. आमचे गाव 'क' मध्ये. नुकसानीची श्रेणी पहिली ते तिसरी असेल तर १७,००० रुपये, चौथी किंवा पाचवी असेल तर ३४,०००. म्हणजे तिसरी की चौथी, ह्या एका आकड्यावर दुप्पट रकमेचा फरक.

आमच्या घराला तिसरी श्रेणी मिळाली. कशी मिळाली ते बा सांगत असे. लिहिणारा कर्मचारी दिवसाला पन्नास-साठ घरे करत होता, थकलेला होता, संध्याकाळ होत आली होती. त्याच्याबरोबर दोन पंच होते, दोघेही गावातले प्रतिष्ठित. पंचनाम्याच्या साच्यात असते की आम्ही पंच समक्ष हजर राहून पाहणी केली. ते समक्ष हजर होते हे खरे. ते अंगणाच्या कडेला उभे होते. आमच्या उंबऱ्याच्या आत त्या गावातला वरच्या जातीचा माणूस तोवर आला नव्हता आणि त्या संध्याकाळीही आला नाही. बाहेरून भिंतीला तडे दिसत होते, ते लिहिले गेले. आतून भिंतीला पोट सुटले होते, आतला थर वीतभर पुढे आला होता, कणगीमागचा कोपरा ढासळून खाली आला होता. बा गवंड्याच्या हाताखाली काम केलेला माणूस. तो म्हणाला, साहेब, आतून बगा, भित पोटात आलीया. साहेब म्हणाले, "दिसतंय की." पंचांनी सह्या केल्या. आज्याने अंगठा केला.

त्या माणसांच्या मनात त्या क्षणी काय होते ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कदाचित नुसती घाई असेल. हादरे चालू होते, फुटक्या भिंतीच्या घरात शिरायला कोणीही भ्याले असते. पण त्याच पंचांनी गावातल्या इतर घरांत आत जाऊन देवघरापर्यंत पाहणी केल्याचे गावाने पाहिले होते. दोन थरांच्या भिंतीचे खरे नुकसान आतून दिसते. जो आत जाणार नाही त्याला ते दिसणार नाही. अस्पृश्यतेची आपण पुष्कळ वर्णने वाचली आहेत, लिहिलीही आहेत; पाणवठ्यावरची, हॉटेलातली, देवळातली. तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीमधली अस्पृश्यता मी कुठे वाचली नाही. आमच्या बाबतीत तिची किंमत १७,००० रुपये होती. तो आतला थर पुढल्या आषाढात रात्री पडला. एक शेळी गेली. त्याचा पंचनामा झाला नाही.

पडण्याच्या हिशोबापेक्षाही मोजण्याच्या एककाचा प्रश्न मला अधिक मूलभूत वाटतो. पंचनामा घर मोजतो. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये आमच्या आज्याच्या नावावर एक घर. पण त्या एका घर क्रमांकात चुली तीन होत्या. एक थोरल्या चुलत्याची, एक आमची, आणि तिसरी आत्याची. आत्या नवऱ्याने टाकलेली, दोन लेकरे घेऊन माहेरी आलेली. मागच्या भिंतीला टेकवून कुडाचे आणि पत्र्याचे एक आडोसे काढले होते, त्यात ती राहायची. तक्त्यात ओळ एक आली, रक्कम एक आली, तीही हप्त्याहप्त्याने. चुलता आणि बा यांच्यात त्या १७,००० वरून जे भांडण झाले ते आज्याच्या मरणापर्यंत मिटले नाही. आत्याचा तर प्रश्नच नव्हता. तिचे आडोसे पडले नव्हते. ज्या भिंतीला ते टेकले होते ती भिंत निकामी झाली होती, पण भिंत आज्याची. कागदाच्या मते आत्याचे काहीही नुकसान झाले नाही, कारण कागदाच्या मते आत्या नव्हतीच.

चूल हे एकक धरले तर हिशोब कसा बदलतो पाहा. सालगडी मालकाच्या शेतातल्या कोठ्यात राहतो. कोठा पडला तर भरपाई मालकाला. भाड्याने राहणारा शिक्षक असो की रोजगारी, भरपाई घरमालकाला. ऊसतोडीला जाणारी माणसे दसऱ्यानंतर घराला कुलूप लावून कारखान्यावर जातात. त्या वर्षी दसरा ऑक्टोबरच्या अखेरीस होता आणि पाहण्या तेव्हा चालूच होत्या. आमच्या वस्तीतल्या चार घरांपुढे शेरा आहे, 'घर बंद.' बंद घराला कुठली श्रेणी? उलट दिशेनेही चूक होते. पहिल्या आठवड्यांत धडधाकट घरांचे लोकही भीतीने बाहेर झोपतात, तेव्हा निवाऱ्याची गरज पडलेल्या घरांपेक्षा कितीतरी जास्त असते. हादरे थांबले की हे लोक घरात जातात आणि आकडा झपाट्याने उतरतो. मग उरतात ते ज्यांच्या नावावर काही नाही. आमच्याकडे ते आणखी पाच-सहा वर्षे पत्र्यांखालीच होते. तोवर वर्तमानपत्रे दुसऱ्या विषयांकडे वळली होती.

'अ' वर्गातल्या गावांचे तर विचारूच नका. तिथे नुकसान मोजण्याची गरजच नव्हती, सगळ्यांनाच नवे घर मिळणार होते. म्हणजे पाटी कोरी होती. सगळे गाव ढिगाऱ्याखाली, नवी जागा, नवे रस्ते. स्वतंत्र भारतात इतक्या गावांची पुन्हा पहिल्यापासून मांडणी करण्याची अशी संधी क्वचित आली असेल. आणि घराचे माप कसे ठरले? ज्याला जमीन नाही किंवा एक हेक्टरपर्यंत आहे त्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टर असेल त्याला ४००. सात हेक्टरांवर असेल त्याला ७५०. डोकी किती हा प्रश्न नाही. सातबारा किती हा प्रश्न. सात माणसांच्या भूमिहीन कुटुंबाला २५० चौरस फूट म्हणजे दरडोई सव्वातीन चौरस मीटरांच्या आसपास. आज जगभरच्या मदतसंस्था तात्पुरत्या निवाऱ्यासाठीसुद्धा दरडोई साडेतीन चौरस मीटर हे किमान माप धरतात. आणि हे तर कायमचे घर. हे माप फक्त सुरुवातीचे, भोवती मोकळी जागा आहे, पुढे ज्याने त्याने वाढवावे, असे धोरणाचे समर्थन होते आणि त्यात तथ्यही आहे. पण ती मोकळी जागासुद्धा त्याच पायऱ्यांनी लहानमोठी होती. आणि जो गायरान कसत आला आहे, ज्याच्या नावावर सातबारा होऊ दिला गेला नाही, तो भूमिहीनच्या रकान्यात. गावकीने ज्याला जमिनीपासून तोडले, त्याला सरकारने त्या तोडण्याच्या मापाने घर दिले. जुन्या गावात गल्लीगल्लीतून जी उतरंड होती, ती नव्या गावात चौरस फुटांत आली. ह्याला मी पुनर्वसन म्हणायला तयार आहे. 'पुनः' ह्या शब्दावर जोर देऊन.

ह्यावर आपल्या साहित्याने काय केले? किल्लारीवर लिहिलेल्या मराठी कविता मी मिळतील तशा जमवून वाचल्या. बहुतेकींत धरणीमाय कोपते, लेकरांना पोटात घेते, नियती क्रूर होते. त्या कवींच्या दुःखाविषयी मला शंका नाही. पण त्यांत भिंत नाही, माळवद नाही, सातबारा नाही. आई आणि नियती ह्या दोघींवर सगळे सोपवले की माणसांना काही विचारायचे राहत नाही. १५ जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर, हरिजन दौऱ्यावर असलेल्या गांधीजींनी तो भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असे म्हटले होते आणि रवींद्रनाथांनी त्याला जाहीर विरोध केला होता. रवींद्रनाथांचे बरोबरच होते. निसर्गाला नीती नसते. पण वाद दैवी शिक्षा खरी की विज्ञान खरे, ह्या पातळीवरच गाजला. अस्पृश्यता आणि भूकंप यांचा संबंध आहे, पण तो आकाशात नाही. तो गावाच्या कुठल्या बाजूला वस्ती आहे, भिंतीत आरपार दगड आहे की नाही आणि पंच उंबऱ्याच्या आत येतो की नाही, ह्यात आहे.

आणि प्रस्थापितांना बोलताना आपल्याही पदरात पाहिले पाहिजे. आपल्या कवितेने भूकंप हा शब्द अगदी सढळ हाताने वापरला. भूकंप, ज्वालामुखी, वणवा ही आपल्या विद्रोहाची ठरलेली रूपके. व्यवस्था हादरेल, गाडली जाईल, नवे काही उगवेल. १९७२ नंतरच्या पहिल्या उमाळ्यात हे स्वाभाविक होते. पण १९९३ नंतर, निदान मराठवाड्यातल्या आपल्या लोकांनी तरी, हे रूपक तसेच वापरत राहावे का? आम्ही खरा भूकंप पाहिला. त्याने व्यवस्था गाडली नाही. त्याने भिंती पाडल्या आणि व्यवस्था त्याच मापात पुन्हा बांधली गेली, ह्या वेळी लोखंड आणि सिमेंट घालून. सगळे जमीनदोस्त झाले की आपोआप समता येते, हा रोमँटिक भ्रम आहे. मी वर्गात हे बोललो तेव्हा एका सहकाऱ्याने मला 'चळवळीचे प्रतीक मोडतोस' असे ऐकवले. मोडत असेल तर मोडो. आपल्या आत्मकथनांनी घर जसे लिहिले, वाकून शिरायचे दार, धूर, गळणारा कोपरा, एका वाकळेत चौघे, ते लिहिणे मला अधिक जवळचे वाटते. कारण ते आतून केलेले वर्णन आहे. पंचनाम्याला जे कधी साधले नाही तेच तिथे साधले आहे. ती आत्मकथने मी अलीकडे शिकवताना निवाऱ्याच्या गरजेची साक्ष म्हणूनही वाचायला लावतो. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात ह्याला काही गुण नाहीत.

हे सगळे लिहिताना मी अधूनमधून थांबलो, ते १४ जानेवारी १९९४ आठवून. भूकंपाला साडेतीन महिने झाले होते. विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचे नाव आले ती बातमी आमच्या वस्तीत पोचली तेव्हा अर्धी वस्ती पत्र्याखाली होती. माय सांगते, आज्याने त्या दिवशी गूळ वाटला आणि फाटक्या भिंतीवर चुन्याने 'जय भीम' लिहिले. ज्या नावासाठी त्याचे पहिले घर जळाले ते नाव आले, तेव्हा त्याचे दुसरे घर फाटलेले होते. सोळा वर्षांत दोन घरे. दोन्हींची अंदाजे किंमत पेटीतल्या कागदांवर लिहिलेली आहे. मी ती इथे देत नाही. ती वाचून वाचकाला फक्त हसू येईल.

नंतरच्या काळात काही चांगलेही झाले. मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात पुढे बायकांच्या गटांना गावोगाव संवाद साहाय्यक म्हणून नेमले. त्या बायका घरात शिरत, भिंत आतून पाहत, बाईला विचारत. बाहेर उभे राहून जे कळत नाही ते ह्या कमी शिकलेल्या बायकांना कळले. आमच्या गावी त्या आल्या तेव्हा आत्या पुण्याला धुण्याभांड्याच्या कामाला निघून गेली होती. २००१ च्या भुजच्या भूकंपानंतर गुजरातेतही पहिली ते पाचवी अशाच श्रेण्या लागल्या आणि मदतीच्या वाटपात जात पाहिल्याच्या तक्रारी तिथेही पुढे आल्या. तिथल्या तक्त्यांत चुलीचा रकाना होता का, हे तिथल्या कोणा मित्राने तपासावे.

त्या शिबिरातल्या मुलीने दुसऱ्या दिवशी तक्ता परत दिला. पुढल्या बाजूला सांगितल्याप्रमाणे मालकाचे नाव, घर क्रमांक, कच्चे, अंशतः. मागच्या कोऱ्या बाजूला तिने पेन्सिलीने एक रकाना आखला होता आणि त्यावर 'चुली' असे लिहिले होते. एका घर क्रमांकापुढे चार नावे होती, त्यांतली तीन बायकांची. शिबिराच्या अहवालात मागची बाजू घेतली गेली नाही. टंकलेखन फक्त पुढच्या बाजूचे झाले. तो कागद मी मागून घेतला. आता पेटीत तीन कागद आहेत.